रेल्वे पुलाचा जुना फोटो सापडला? खाली नाव लिहिण्याआधी हे करा

आमच्या भागात हा प्रकार आता ठरून गेलाय. कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत रेल्वे पुलाचा काळापांढरा फोटो निघतो. दुपारी तो गावाच्या ग्रुपवर येतो, सोबत मथळा: "आपला ब्रिटिशकालीन पूल, सन १८८०". रात्रीपर्यंत तालुकाभर फिरतो, आणि पुढच्या वर्षी एखाद्या शाळेच्या स्मरणिकेत छापूनही येतो. त्यानंतर कुणी शंका काढलीच, तर पुरावा म्हणून तीच स्मरणिका पुढे करतात. फोटो खरा असतो, मथळा ऐकीव असतो.

दुसऱ्याला नावं ठेवायला नकोत, हे मी स्वतः केलंय. एका स्मरणिकेत येरळेवरच्या पुलाखाली मी "नीरा नदीवरील पूल" असं छापून मोकळा झालो होतो. शिवाय फोटोही उलटा छापला होता, म्हणजे डावं उजवीकडे. ते कसं उघडकीला आलं, ते पुढे सहाव्या टप्प्यात येईलच.

खालचा क्रम त्या फजितीनंतर बसवला आहे. डोळ्यांसमोर पुणे–मिरज–कोल्हापूर मार्गावरचे पूल आहेत: लोणंदच्या अलीकडची नीरा, भिलवडी आणि नांद्रे यांच्यामधली येरळा, मिरजेपुढे अंकलीजवळची कृष्णा आणि सालपे-आदर्कीच्या घाटातल्या दऱ्या-ओढ्यांवरचे पूल. टप्पे मागेपुढे करू नका. विशेषतः सहावा टप्पा आधी उरकायचा मोह होतो, आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

तयारी

साहित्य फार लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग, मऊ ब्रश, २बी पेन्सिल, बटर पेपर, साधे कागदी लिफाफे आणि फ्लॅटबेड स्कॅनर. सुती हातमोजे घेऊ नका, त्यात बोटांना अंदाज येत नाही आणि फोटोचे कोपरे मोडतात. हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि फोटो कडांनाच धरा. निगेटिव्ह हाताळायची असेल तर मात्र डॉक्टरी रबरी हातमोजे घाला, कारण निगेटिव्हवरचा बोटाचा ठसा जन्मभर जात नाही.

यापेक्षा महत्त्वाची आहे वही. प्रत्येक फोटोला एक पान द्या आणि पानावर तीन रकाने आखा: "दिसतं", "सांगितलं", "वाटतं". फोटोत डोळ्यांनी दिसतं ते पहिल्यात. कुणी सांगितलं ते दुसऱ्यात, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेसह. तुमचा तर्क तिसऱ्यात. एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही, एवढा एकच नियम. पुढचं सगळं काम या तीन रकान्यांवर चालतं.

टप्पा १: फोटो ताब्यात घेताना

फोटो अल्बममध्ये असेल तर लगेच उचकटू नका. आधी अख्ख्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या, मग आधीच्या आणि नंतरच्या पानांचा. शेजारी कोणाच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात कोण लहान आहे, यावरून पुलाच्या फोटोचं साल सापडतं. फोटो एकदा सुटा झाला की तो धागा तुटला.

मालकाला चार गोष्टी विचारून वहीत लिहा: फोटो घरात कुठे होता, कुणाच्या वस्तूंमध्ये होता, त्या व्यक्तीचा रेल्वेशी काय संबंध, आणि याच्या आणखी प्रती कुणाकडे आहेत का. त्याच बैठकीत स्कॅन करायला आणि छापायला दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. फोटो ज्याच्या घरात आहे तो त्या कागदाचा मालक असतो, पण फोटोचा कॉपीराइट बहुतेक वेळा काढणाऱ्याचा किंवा स्टुडिओचा असतो. भारतीय कायद्यात पूर्वी फोटोला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण होतं, २०१२ च्या दुरुस्तीपासून ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. मागे स्टुडिओचा शिक्का असेल आणि स्टुडिओ अजून चालू असेल तर तिथेही विचारा. बहुतेकजण खुशीने हो म्हणतात.

पुरात भिजलेले फोटो. सांगलीत २००५ आणि २०१९ नंतर हा प्रश्न घरोघरी आला, आणि घाईमुळे पुराने केलं त्याहून जास्त नुकसान झालं. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो उन्हात टाकू नका. तसे वाळले की ते कायमचे जोडले जातात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडा, आपोआप सुटतील तेवढेच वेगळे करा आणि टीपकागदावर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. चित्रावर बोट लावायचं नाही, पुसायचंही नाही. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर दोन फोटोंमध्ये बटर पेपर घालून पिशवीत बांधा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. सवडीने काढता येतात. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये कधीही नाहीत, त्या उभ्या ठेवून वाळवायच्या.

सावध: फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करा. चिकट अल्बममधून निघत नसलेल्या फोटोलाही हेच लागू.

सावध: १९५० च्या आधीची फिल्म तपकिरी, चिकट झाली असेल आणि उग्र वास येत असेल तर ती नायट्रेट फिल्म असू शकते. ती पेट घेते. उन्हापासून आणि दिव्यापासून लांब, घराबाहेर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. कडेला "सेफ्टी" असा इंग्रजी शब्द उमटलेला असेल तर ती भीती नाही.

टप्पा २: स्कॅन

पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयला, त्याहून लहान असेल तर १२०० ला, निगेटिव्ह २४०० किंवा त्यापुढे. फोटो काळापांढरा असला तरी रंगीत स्कॅनच करा, कारण डाग, शाई आणि पिवळेपणा यांतच पुरावा असतो. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, जेपीजी फक्त पाठवायला. स्कॅनरमधलं आपोआप उजळ करणारं बटण बंद ठेवा.

मागची बाजू स्कॅन करा. कोरी असली तरी करा. कोरी होती हेही पुढे कामाला येतं.

ॲपमध्ये टाकून "स्पष्ट" केलेला किंवा रंगवलेला फोटो पुरावा म्हणून वापरू नका. ॲप खिळे, स्लीपर आणि खांबांचे दगड स्वतःच्या मनाने रेखाटतं. अशा एका फोटोतले गर्डरवरचे, म्हणजे खांबांवर टाकलेल्या लोखंडी तुळईवरचे, रिव्हेट आम्ही दोघांनी अर्धा तास मोजले होते, मूळ फोटो बघितला तर तिथे नुसता धूसर पट्टा. हौस म्हणून रंगवा, पण वेगळ्या नावाने जतन करा.

तपासणी: फाइलच्या नावात अजून पुलाचं नाव घालू नका. "ट्रंक०१_फोटो०४_पुढे" आणि "ट्रंक०१_फोटो०४_मागे" एवढंच. नावात "नीरा" आलं की डोळ्यांना नीराच दिसायला लागते. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते चित्र आवळून टाकतं.

टप्पा ३: फोटो वाचणं

इथे घाई करायची नाही. मोठ्या पडद्यावर एक तास एकट्याने बसा, "दिसतं" हा रकाना भरेपर्यंत. क्रम असा:

पहिलं, फोटो उलटा आहे का? निगेटिव्ह किंवा काच उलट्या बाजूने छापली की डावं-उजवं बदलतं, आणि पुलाच्या फोटोत ते लक्षात येत नाही. डब्यावरची, पाटीवरची अक्षरं बघा. अक्षरं नसतील तर माणसं बघा: बायकांचा पदर आपल्याकडे डाव्या खांद्यावर असतो. सगळ्यांचाच उजव्या खांद्यावर दिसला की फोटो उलटा.

दुसरं, लाईन किती आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, कोणतं? सर्वात जास्त चुका याच एका तपासणीत पकडल्या जातात. पुणे–मिरज मार्ग मुळात एकेरी आणि मीटरगेज होता, म्हणजे १००० मिलिमीटर. त्याचं ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर, १९७० च्या आसपास झालं. मिरजेहून कवठेमहांकाळ, पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाईट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, ती मिरजेत १९२७ ला पोचली. दगडी कमानींवर दुहेरी ब्रॉडगेज दिसत असेल आणि फोटो एकोणिसाव्या शतकातला असेल, तर तो आपल्याकडचा नाही. बहुतेक वेळा तो बोरघाटातला, नाहीतर ठाण्याच्या खाडीवरचा निघतो. दोन्ही पूल जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे आणि दोन्ही "साताऱ्याचा पूल" म्हणून मला आलेले आहेत. उंच काँक्रीटच्या खांबांचा पूल आला तर तो रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल नाही ना, ते आधी बघा.

गेज ओळखायची सोपी रीत: डब्याचं तोंड समोरून दिसत असेल तर डब्याची रुंदी आणि त्याच्या बरोबर खालच्या रुळांमधलं अंतर पट्टीने मोजा. ब्रॉडगेजवर डबा त्या अंतराच्या साधारण दुप्पट असतो, मीटरगेजवर अडीच ते पावणेतीन पट. मीटरगेजचा डबा रुळांवरून दोन्हीकडे ओसंडल्यासारखा दिसतो, एकदा नजर बसली की पट्टीही लागत नाही.

तिसरं, पुलाचा सांगाडा. गाळे, म्हणजे दोन खांबांमधले टप्पे, मोजा. पूर्ण दिसणारे आणि अर्धवट दिसणारे वेगळे लिहा, "सुमारे सात" असं लिहू नका. गाळ्यावर सरळ पत्र्याचा गर्डर आहे, की जाळीदार, की दगडी कमान? जाळीदार असेल तर गाडी जाळीच्या आतून जाते की वरून? खांब दगडी की काँक्रीटचे? खांबाची टोकं निमुळती की गोल? खांबांवर रंगवलेलं काहीही भिंगाखाली वाचा. पुलाचा क्रमांक, धोक्याची पातळी, पुराच्या सर्वात वरच्या पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी साल, हे रेल्वे स्वतःच लिहून ठेवते. तेवढं एक साल वाचता आलं तरी फोटो त्याच्या आधीचा नाही हे नक्की.

चौथं, पाणी कुठून कुठे जातं? खांबाला अडकलेलं गवत, काटेरी झुडपं, वाहून आलेलं लाकूड ज्या अंगाला आहे तिकडून पाणी येतं. यावरून फोटो काढणारा वरच्या अंगाला उभा होता की खालच्या, हे ठरतं.

पाचवं, सावली. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारची सावली उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, म्हणून आधी नदीचं पाणी आणि शेतं बघून ऋतू ठरवा, मग सावली वापरा.

सहावं, क्षितिज. झाडं तोडली जातात, घरं पडतात, डोंगराची कड तशीच राहते. फोटोत मागे डोंगर असेल तर त्याची नुसती रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. जरंडेश्वर आणि कल्याणगड कोरेगावच्या बाजूला, सदाशिवगड ओगलेवाडीजवळ, मच्छिंद्रगड भवानीनगरच्या आसपास, सागरेश्वरचे डोंगर ताकारी-किर्लोस्करवाडीकडे, दंडोबा मिरजेच्या पूर्वेला. रेघ घेऊन गाडीच्या खिडकीत बसलात तर एका फेरीत अर्धं काम होतं.

तपासणी: "दिसतं" या रकान्यात अजून एकाही नदीचं नाव आलेलं नसावं.

टप्पा ४: साल

एकच साल शोधत बसू नका. दोन टोकं शोधा: "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही". मधली पट्टी अरुंद करत जायची.

मागची बाजू इथे फोटोपेक्षा जास्त बोलते. शिक्क्यात "जि. दक्षिण सातारा" असेल तर शिक्का १९४९ ते १९६० मधला, कारण सांगली जिल्ह्याचं नाव तेव्हा ते होतं. "सांगली स्टेट" किंवा "मिरज स्टेट" असेल तर तो संस्थानकाळातला, १९४८ च्या विलीनीकरणाआधी केलेला. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. दर आण्यांत असेल तर बहुधा १९५७ आधीचा, "नवे पैसे" असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. "कुंडल रोड" हे किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव.

डब्यांवरची अक्षरंही तशीच. एम.एस.एम. म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, ती १९०८ ला झाली. त्याआधी नुसती सदर्न मराठा. १९५१ पासून दक्षिण रेल्वे, १९६६ पासून दक्षिण मध्य. आज हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. थर्ड क्लासची खूण असलेला डबा १९७४ आधीचा. विजेचे खांब दिसले तर फोटो अगदी अलीकडचा, मग तो कितीही पिवळा करून पाठवलेला असो.

कागद भिंगाखाली बघा. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पांढरा भाग पिवळसर, बारीक भेगा आणि कागदाचे तंतू दिसतात, तर तो अंड्याच्या पांढऱ्या भागावरचा, अल्ब्युमेन पद्धतीचा. तो साधारण एकोणिसाव्या शतकातला. काळ्या भागात कडेला निळसर आरशासारखी चकाकी, तर तो त्यानंतरचा जिलेटिनचा. कागदाला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीतपणा आणि मागे पेन्सिल उमटत नाही, तर तो १९७० च्या सुमारास किंवा नंतर छापलेला. निगेटिव्हच्या कडेला "ऑर्वो" हे फिल्मच्या ब्रँडचं नाव असेल तर ती १९६४ नंतरची.

सावध: कागदाचं वय हे छपाईचं वय आहे. १९३० सालची काच १९७५ मध्ये पुन्हा छापली असेल तर कागद नवा आणि चित्र जुनं. उलट मात्र घडू शकत नाही, जुन्या कागदावर नंतरचा पूल येत नाही.

सावध: वाफेचं इंजिन म्हणजे ब्रिटिशकाळ नव्हे. भारतात वाफेची इंजिनं १९९० च्या दशकापर्यंत रोजच्या कामात होती. तपकिरी रंग म्हणजे जुनेपण नव्हे, स्टुडिओवाले तो मुद्दाम देत. आणि तारीख माहीत नसली की "१८८०" लिहायची सवय तर सोडाच.

टप्पा ५: जागेवर जाणं

आता कुठे पुलापाशी जायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगला काळ, पाणी उतरलेलं असतं आणि डोंगर स्वच्छ दिसतात. मे महिन्यात धुरकटामुळे क्षितिज हरवतं. फोटोची मोठी छापील प्रत सोबत न्या, उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नाही.

सावध: पुलावर किंवा रुळांवर पाय ठेवायचा नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि पुलावर गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, हे दंडाहून मोठं कारण. नदीकाठ, पाणंद, शेजारचा रस्त्याचा पूल, एवढ्यावरून सगळं काम होतं. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

फोटो काढणारा जिथे उभा होता ती जागा अशी सापडते: जुन्या फोटोत जवळची एक कड आणि लांबची एक खूण एकमेकींना टेकलेली शोधा. उदाहरणार्थ, दुसऱ्या खांबाची डावी कड बरोबर डोंगराच्या खिंडीखाली येते. जागेवर डावी-उजवीकडे सरका, ती दोन्ही पुन्हा टेकेपर्यंत. मग दुसरी अशीच जोडी घ्या. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की तुम्ही त्याच्याच जागेवर उभे आहात. एकही जोडी जुळत नसेल तर पूल चुकीचा आहे, किंवा फोटो उलटा. तिथेच आरशातली प्रत काढून बघा. मी ती प्रत घरीच काढून नेतो.

गाळे जुळले नाहीत म्हणून लगेच परत फिरू नका. गेज बदलताना गर्डर बदलले जातात, कधी मार्गही सरकतो आणि जुने दगडी खांब नव्या पुलाच्या शेजारी नुसते उभे राहतात. वरचा लोखंडी भाग वेगळा असला तरी खांबांमधलं अंतर आणि दगडांचे थर जुळतात का ते बघा. पुणे–मिरज दुहेरीकरणात जागोजागी नवे पूल आले. नवा पूल जुन्याच्या अंगाला उभा राहिला की एका बाजूने जुना पूल दिसेनासा होतो. म्हणून ज्याच्याकडे फोटो आहे त्याने हा टप्पा पुढच्या हिवाळ्यावर टाकू नये.

टप्पा ६: माणसांना विचारणं

विचारायचं ते रुळांची देखभाल करणाऱ्या जुन्या गँगमन, कीमन, मुकादमांना, पुलाखाली शेत असलेल्यांना आणि होडी चालवणाऱ्यांना. स्टेशनवर काम केलेल्यांना गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असतात, पण पूल रोज पायाखाली घातला तो गँगमनने.

फोटो दाखवताना नाव सांगायचं नाही. "तात्या, हा आपला नीरेचाच पूल ना?" असं विचारलं की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. फोटो हातात द्या आणि गप्प बसा. चष्मा पुसायला वेळ द्या. सोबत दुसऱ्या दोन पुलांचे फोटो ठेवा, म्हणजे ओळख खरी की अंदाज, ते कळतं.

माझी चूक पकडली ती अशीच. स्मरणिका छापून वर्ष झालं होतं. भिलवडीच्या बाजूला एका निवृत्त गँगमन तात्यांकडे मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, पिशवीत स्मरणिका होती. तात्यांनी ती उघडली, पान डोळ्यांपासून लांब धरलं आणि म्हणाले,

"नीरा कोन म्हनलं?"

"का हो, तात्या?"

"आरं, गवात बघ खांबाला. आपल्या अंगाला अडाकलंय. म्हंजी पानी आपल्या पाठीमागनं येतंय. मग नांद्र्याचा काठ डाव्या हाताला पायजे. ह्यात तर ती गँगहट उजवीकडं गेलीया." मग थोडं थांबून, "त्या हटीत म्या चार पावसाळं झोपलोय. लिंबाचं झाड बघ की म्होरं."

त्यांनी पान दिव्याच्या उजेडात धरून मागच्या बाजूने मला दाखवलं. कागदातून आरपार दिसणारं ते चित्र बरोबर होतं. मी छापलेलं उलटं होतं.

तात्यांनी सांगितलं ते "सांगितलं" या रकान्यात गेलं. मग येरळेच्या काठावर जाऊन खांब आणि क्षितिज जुळवलं तेव्हाच पुलाचं नाव बदललं. माणूस कितीही खात्रीने बोलला तरी हा शेवटचा भाग चुकवू नका. मोठी घटना आजूबाजूच्या सगळ्या फोटोंना आपल्याकडे ओढते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेचा पगार नेणारी गाडी लुटली. त्यामुळे त्या पट्ट्यातला रुळांचा कुठलाही जुना फोटो दाखवला की कुणीतरी म्हणतंच, "हीच ती जागा." म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याने ती गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकलेली असते. म्हणून पुढचा प्रश्न ठेवा: "आबा, हे तुम्ही बघितलं, का ऐकलं?" उत्तर जसंच्या तसं लिहा, बोलीसकट. विचारून आवाज रेकॉर्ड केलात तर उत्तमच.

टप्पा ७: कागद

कागद शेवटी, कारण आता नेमकं काय शोधायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ चा आहे, म्हणजे हा लोहमार्ग पूर्ण सुरू होण्याआधीचा. त्यात "पुलाचा उल्लेख नाही" म्हणून पूल नंतरचा ठरवणं किंवा त्यातला रस्त्यावरचा पूल रेल्वेचा समजणं, दोन्ही चुका मी बघितल्यात. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा आणि रस्त्याचा, हे तर सांगायलाही नको, पण त्याच्या फोटोखाली "रेल्वे पूल" लिहिलेलं माझ्याकडे आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मागताना क्रमांक द्या: लोणंद ४७ जे, कोरेगाव ते कऱ्हाड ४७ के, सांगली-मिरज ४७ एल. दोन वेगवेगळ्या सालांचे नकाशे एकावर एक ठेवले की मार्ग सरकलेला दिसतो.

रेल्वेकडे पुलांची नोंदवही असते. माहिती अधिकारात पुणे विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "पुलाचा इतिहास द्या" असं मागितलंत तर हाती काही लागत नाही. असं मागा: अमुक दोन स्थानकांदरम्यान अमुक नदीवरील पुलाचा क्रमांक, गाळ्यांची संख्या व लांबी, बांधकामाचं वर्ष, गर्डर बदलल्याचं वर्ष. चार मुद्दे, चार ओळी.

वर्तमानपत्रांत पूर आणि उद्घाटनं यांच्या तारखांच्या आसपासच शोधा, सबंध वर्ष चाळू नका. केसरी १८८१ पासून आहे, ज्ञानप्रकाश त्याच्याही आधीपासून. संस्थानांच्या हद्दीतल्या जमिनीबद्दल पुण्यासोबत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही विचारा. आणि गावाचं नाव सगळ्या रूपांत शोधा: कराड, कऱ्हाड, मिरज, मीरज, येरळा, येरला.

टप्पा ८: मथळा

मथळ्यात तीन रकाने तीन वाक्यांत येतात. माझ्या त्या फोटोखाली आता असं आहे:

"येरळा नदीवरील रेल्वे पूल, भिलवडी व नांद्रे यांच्यादरम्यान, वरच्या अंगाने घेतलेला. मीटरगेज, म्हणून सुमारे १९७० पूर्वीचा, मागे 'जि. दक्षिण सातारा' असा शिक्का, म्हणून ही प्रत १९४९ ते १९६० मधली. स्थळ एका निवृत्त गँगमनने ओळखले, नंतर जागेवर खांब व क्षितिज जुळवून पाहिले. यापूर्वी एका स्मरणिकेत हा फोटो उलटा व 'नीरा नदी' या नावाने छापला गेला, ती चूक प्रस्तुत लेखकाची."

लांब वाटतो, पण ग्रुपवर कुणी कापून टाकू नये म्हणून मी तो फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवरच छापतो. चित्रावर नाही, पट्टीवर. "बहुधा" हा शब्द वापरायला लाजू नका, मात्र त्याच्यापुढे कारण लिहा. "ब्रिटिशकालीन", "दुर्मीळ", "ऐतिहासिक" हे तीन शब्द खोडा, त्यांच्यामुळे फोटोबद्दल काहीच कळत नाही.

मूळ फोटोच्या मागे काही लिहायचं असेल तर पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पेन्सिल उमटत नसेल तर लिफाफ्यावर लिहा, आणि फोटो आत घालण्याआधी लिहा.

नंतर कुणी दुरुस्ती सुचवली तर जुना मथळा पुसू नका. खाली तारीख घालून नवी ओळ जोडा. जुनी चुकीची प्रत कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये असतेच, आणि ती पुन्हा वर आली की कोणती ओळ कधी बदलली ते दाखवता आलं पाहिजे.

फोटो ज्या घरातून आणला तिथे स्वतः नेऊन परत करा, मोठी छापील प्रत सोबत घेऊन. तेव्हा घरातली म्हातारी माणसं पुन्हा एकदा तो हातात घेतात, आणि पहिल्या वेळी न आठवलेलं काहीतरी बोलतात. वही सोबत असू द्या.